शब्द पुढे करायचा नाही

कुमुदचा व्हिडिओ अडकायला लागला तेव्हा भालचंद्र शेट्यांनी पहिला संशय घेतला तो केबलचा आणि दुसरा माकडांचा. लांज्याच्या बाजूला घरावरून गेलेली कुठलीही वायर माकडांच्या वाटेवरच असते, आणि टेलिफोन खात्यात उभी हयात घालवलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. या वयात शिडीवर चढायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं होतं. ते चढले. वायर शाबूत होती, दात लागल्याची खूणसुद्धा नव्हती, आणि खाली उतरताना ते चक्क हिरमुसले. दोष बाहेर असला की शिडीने काम भागतं. घरात असला की डोक्याला ताप.

कुमुद ही त्यांची बायको. तिला जाऊन दोन वर्षं होत आली होती. घरामागे तिची नर्सरी होती. हापूसची कलमं बांधण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं, आणि शेवटच्या काही वर्षांत तिने शेडमध्ये फोन एका कुंडीला टेकवून कलम कसं बांधायचं त्याचे व्हिडिओ करून इंटरनेटवर टाकले होते. बघणारे मोजकेच. कोणी गुहागरचा, कोणी सावंतवाडीचा. आता तर एकटे भालचंद्रच. दुपारचं जेवण झालं, ताट घासून पालथं घातलं की ते कॉम्प्युटरसमोर बसत आणि एक व्हिडिओ लावत. बाकीचा दिवस कसाही जाई, तेवढा वेळ मात्र बरा जाई.

कॉम्प्युटर लिनक्सवर चालायचा. म्हणजे आत जी प्रणाली होती ती कुठल्या कंपनीच्या मालकीची नव्हती, जगभरच्या लोकांनी मिळून बांधलेली आणि फुकट वाटलेली होती. निवृत्तीनंतर भालचंद्र तिच्या नादी लागले ते लागलेच. त्यांची मुलगी शाल्मली कोल्हापूरला कॉलेजात शिकवायची. ती म्हणायची, बाबा, सगळं जग एका बोटावर चालतं आणि तुम्ही अजून बॉनेट उघडून बसलाय. त्यावर यांचं म्हणणं, बॉनेट उघडतं म्हणून तर घेतलंय. तर अशा त्या मशीनवर एका दुपारी कुमुद हातात चाकू धरून जी थांबली ती थांबलीच. मग एकदम पुढे सरकली, चार शब्द बोलली, पुन्हा थांबली.

आता यात एक अडचण होती, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. कुमुद मुळातच अडखळायची. लहानपणापासून. क आणि प ही तिची जन्माची वैरी. आणि नशिबाची थट्टा बघा, नाव कुमुदिनी, धंदा कलमांचा. प्रत्येक व्हिडिओची सुरुवात ती 'नमस्कार, मी' अशी करायची आणि मग स्वतःच्या नावाच्या उंबऱ्यावर क-क-क करत उभी राहायची. मान जराशी उजवीकडे जायची, डोळे मिटायचे, आणि मग नाव यायचं.

लग्न ठरण्याआधी दोघांना मागच्या अंगणात बोलायला सोडलं होतं, तेव्हाही ती अशीच अडली होती. भालचंद्र गप्प उभे राहिले. त्यांना वाटलं, बोलेल. ती बोलली. लग्नानंतर तिने सांगितलं की आधी बघून गेलेल्या प्रत्येकाने तिच्या तोंडचा शब्द स्वतःच पुरा केला होता, आणि एकाने तर चुकीचा. मग तिने अट घातली. मी अडले तर थांबायचं, शब्द पुढे करायचा नाही. ती अट भालचंद्रांनी जन्मभर पाळली. भांडणातसुद्धा पाळली, आणि ते सोपं नव्हतं. मुलीचं नाव ठेवायची वेळ आली तेव्हा कुमुदने आठवडाभर शेडमध्ये एकटीने नावं म्हणून पाहिली आणि ज्यावर ती एकदाही अडली नाही ते ठेवलं. नावही झाडाचंच निघालं, शाल्मली म्हणजे काटेसावर.

तेव्हा व्हिडिओ अडकतोय की कुमुद अडतेय, हे पहिल्या दिवशी त्यांना कळेना.

दोष शोधायची त्यांची खात्यातली पद्धत होती. दोष कुठे आहे हे शोधत बसायचं नाही, कुठे नाही ते एकेक करून काढून टाकायचं. बातम्या लावल्या, लोण्यासारख्या चालल्या. म्हणजे लाइन ठीक. मशीनवर ताण येतोय का पाहिलं. प्रोसेसर निवांत होता, पंखासुद्धा फिरत नव्हता. व्हिडिओ उलगडायचं काम ग्राफिक्स कार्डाकडे द्यायची सोय असते, ती बंद करून पाहिली, चालू करून पाहिली. ड्रायव्हर नवा घातला, मग जुना परत आणला. दुसरा ब्राउझर घातला. काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करता करता संध्याकाळ झाली. कुमुद आपली जिथे थांबायची तिथेच थांबत होती.

शेवटी त्यांनी व्हिडिओवर उजवं बटण दाबून आतली आकडेवारी उघडली. तिथे एक रकाना असतो, मशीनला वेळेत दाखवता न आल्यामुळे किती चित्रं गाळली त्याचा. तिथे शून्य होतं. भालचंद्र त्या शून्याकडे बघत राहिले. मशीनने काहीच गाळलं नव्हतं. जेवढं आलं तेवढं सगळं दाखवलं होतं.

लिनक्सवाल्यांच्या मराठी ग्रुपवर त्यांनी सगळी हकीकत लिहिली. तिथे वर्ध्याचा फिरोज म्हणून एक जण होता, तिकडे कुठल्याशा सूतगिरणीत यंत्रं सांभाळणारा. त्याचा दुसऱ्या दिवशी फोन आला.

"काका, तुमच्या मशीनला काही झालं नाही," तो म्हणाला. "व्हिडिओच तेवढा उरला आहे."

मग त्याने जे समजावलं ते असं. जगातल्या सगळ्या व्हिडिओंचा साठा सांभाळायला आता गावंच्या गावं चालतील एवढी वीज लागू लागली होती, आणि त्यातले बहुतेक व्हिडिओ तर कोणी बघतही नाही. तेव्हा असे विसरलेले व्हिडिओ एका नव्या रूपात आणायचं ठरलं. त्याला सार म्हणत. व्हिडिओ म्हणजे एका सेकंदात पंचवीस-तीस चित्रं. पूर्वीही ती पूर्ण कोणी पाठवत नसे, आधीच्या चित्रापेक्षा बदललेला भागच पाठवत. सारमध्ये तेही नाही. काही नवीन घडलं तरच एक चित्र ठेवायचं, नवा आवाज आला तरच तो ठेवायचा, आणि कोणत्या क्षणाचं काय एवढी वेळ टिपून ठेवायची. बाकी सगळं टाकून द्यायचं. भालचंद्रांना तारेची आठवण झाली. 'आई आजारी, निघा' एवढंच यायचं, उरलेलं वाचणाऱ्याने मनाने भरायचं.

इथे ते भरायचं काम एक प्रोग्राम करतो, त्याला पूरक म्हणतात. त्याने कोट्यवधी माणसं बोलताना, हसताना, हात हलवताना पाहिलेली असतात. दोन चित्रांच्या मधे माणूस काय करत असेल, काय बोलत असेल, याचा तो अंदाज बांधतो आणि जागच्या जागी चित्र आणि आवाज तयार करून मधली पोकळी भरतो. नव्या फोनमध्ये तो बसवूनच येतो, त्यामुळे कोणाला काही कळतही नाही. लिनक्ससाठी मात्र तो कोणी दिलेला नव्हता. म्हणून भालचंद्रांचं मशीन नुसतं सार दाखवत होतं, जसं आहे तसं.

भालचंद्रांनी विचारलं, मूळ व्हिडिओ कुठे आहेत. फिरोज म्हणाला, की मूळ आता कुठेच नाहीत. पुढे त्यानेच विचारलं, की तुमच्या फोनमध्ये असतीलच की. नव्हते. कुमुदचा फोन तिच्यामागोमाग महिनाभरात बंद पडला होता, आणि नेटवर आहे म्हटल्यावर दुसरीकडे कशाला ठेवायचं, असं त्या दोघांनी मिळूनच ठरवलेलं होतं.

फिरोज मनाचा चांगला. काही हौशी लोकांनी मिळून लिनक्ससाठी एक पूरक बांधला होता, तो त्याने रविवार खर्ची घालून, फोनवर एकेक आज्ञा सांगत भालचंद्रांच्या मशीनवर चढवून दिला. भालचंद्रांनी त्याचे आभार मानले, पाणी प्यायले आणि पहिला व्हिडिओ लावला.

"नमस्कार, मी कुमुदिनी शेट्ये," कुमुद म्हणाली.

एका दमात, स्वच्छ. मान कुठे गेली नाही, डोळे मिटले नाहीत. कोवळ्या तांबूस पानांचं रोप तिने उचललं, शेंडा छाटला, खाली चीर दिली, हापूसच्या काडीला पाचरीसारखा काप घेतला, ती चिरेत बसवली आणि पट्टी गुंडाळत बोलत राहिली. चेहरा तिचाच, आवाजही तिचाच. सबंध आयुष्यात या बाईने स्वतःचं नाव असं कधी घेतलेलं नव्हतं. अंगणात पहिल्यांदा भेटली तेव्हासुद्धा नाही. भालचंद्रांना वाटलं आपल्याला आनंद झालाय, आणि तो झालाही होता थोडा. दोष निघाला होता ना. पण त्यांनी दुसरा व्हिडिओ लावला नाही.

त्या आठवड्याच्या शेवटी शाल्मली आली. ती कामासाठीच आली होती. नर्सरीवाल्यांच्या संस्थेने लांज्यात नवा हॉल बांधला होता, त्याला कुमुदचं नाव द्यायचं ठरलं होतं, आणि उद्घाटनाला तिचा एखादा व्हिडिओ पडद्यावर दाखवायचा होता. भालचंद्रांनी पहिला व्हिडिओ लावून दिला. शाल्मली उभ्याउभ्या बघत होती. 'मी कुमुदिनी शेट्ये' आलं आणि ती मटकन खाली बसली, तोंडावर ओढणी धरून हमसाहमशी रडली.

ते रडणं कशाचं होतं ते भालचंद्रांना पुरतं ठाऊक होतं. लहानपणापासून शाल्मली ही आईची जीभ होती. दुकानात, बँकेत, डॉक्टरकडे आई अडली की हिने शब्द पुरवायचा. थांबण्याचा धीर त्या पोरीला कधी नव्हता, आणि लोक वळून बघत असताना लहान मुलाला तो असावा तरी कसा. आठवीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनाला कुमुदला पाहुणी म्हणून बोलावलं होतं, नर्सरीला कसलासा पुरस्कार मिळाला होता म्हणून. ती माइकपुढे उभी राहिली आणि नावावर अडली. मागच्या बाकांवर खसखस पिकली. तेव्हा शाल्मली विंगेतून धावत आली, आईच्या हातातून माइक घेतला आणि पुढचं सगळं भाषण स्वतः करून टाकलं. टाळ्या पडल्या. घरी येताना कुमुद काही बोलली नाही. त्यावर ती नंतरही कधी बोलली नाही, आणि कुठल्याही व्यासपीठावर पुन्हा चढली नाही. व्हिडिओ तिने शेडमध्ये एकटीने केले. तिथे माइक काढून घ्यायला कोणी नव्हतं.

डोळे पुसून शाल्मली म्हणाली, हाच दाखवायचा. शिवाय तिने आणखी एक गोष्ट काढली. व्हिडिओ ठेवणाऱ्या कंपनीची सूचना आली होती. खातं ज्याच्या नावावर आहे त्याची इच्छा असेल तर भरून काढलेलं रूप कायमचं साठवता येईल, मग पूरक असो नसो, सगळीकडे ते तसंच दिसेल. सार मात्र पुसलं जाईल. कुमुदचं खातं भालचंद्रांकडे होतं. शाल्मलीचं म्हणणं, सगळेच व्हिडिओ कायम करून टाकू.

भालचंद्र बघू म्हणाले. तेव्हा तिने जरा वेळाने, चहाचा कप हातात फिरवत, एक सांगितलं. त्या खात्यात 'शाल्मलीसाठी' नावाचा एक खाजगी व्हिडिओ होता. कुमुदने तो शेवटच्या महिन्यात अंथरुणावर बसून केला होता. भालचंद्रांना तो दिसायचा, पण तो आपला नाही म्हणून त्यांनी कधी उघडला नव्हता. शाल्मलीलाही वर्षभर धीर झाला नव्हता. गेल्या दिवाळीत तिने तो आपल्या फोनवर पाहिला.

"त्यात आई म्हणते, शाल्मली, मी तुझ्यावर कधीच रागावले नव्हते," ती म्हणाली. "बाबा, तेव्हापासून मला झोप लागते."

भालचंद्रांनी मान हलवली. त्यांच्या मनात काहीतरी खट्टकन अडकलं, पण काय ते त्यांना तेव्हा सांगता आलं नसतं.

शाल्मली कोल्हापूरला गेली. उद्घाटनाला अजून वेळ होता. भालचंद्र रोज दुपारी व्हिडिओ लावत राहिले आणि कुमुद घडाघडा बोलत राहिली. असेच काही दिवस गेले आणि एका सकाळी नर्सरीत झारीने पाणी घालताना त्यांनी सहज आठवून पाहिलं, ती शेडमधून आपल्याला हाक कशी मारायची. 'अहो, काड्या आणा.' आठवणीत ती हाक सरळ आली. अडखळ नव्हतीच. त्यांनी पुन्हा आठवलं, पुन्हा सरळ. झारी तशीच कलंडत राहिली, पाणी पायावर सांडलं. भालचंद्र घाबरले. माणूस गेलं ते गेलं, पण त्याच्यामागे आपल्याजवळ जे राहिलंय तेही कोणी हळूहळू बदलून ठेवतंय, आणि आपणच रोज जेवून बसून ते बदलू देतोय, हे त्यांच्या ध्यानात आलं.

ते तसेच ओल्या पायांनी आत आले आणि त्यांनी पूरक काढून टाकला.

अडकणारा, झटके खाणारा व्हिडिओ पुन्हा सुरू झाला. या वेळी ते दुरुस्त करायला बसले नव्हते, नुसते बघत होते. म्हणून त्यांना ते दिसलं. बिघाड असता तर व्हिडिओ कुठेही अडकला असता. हा कुठेही अडकत नव्हता. 'नमस्कार, मी' झालं, एक क आला, आणि चित्र थांबलं. मान जराशी उजवीकडे, डोळे मिटलेले. मग नाव. पुढे 'पट्टी'च्या आधी थांबलं. 'काडी'च्या आधी थांबलं. 'रोप' या शब्दात प शेवटी येतो, तिथे ती कधीच अडत नसे, तिथे व्हिडिओही अडला नाही. भालचंद्रांनी डोळे मिटून नुसतं ऐकलं, आणि पुढची अडखळ कुठे येणार ते त्यांना दर वेळी आधी कळत होतं. या जागा त्यांच्या ओळखीच्या होत्या. जन्मभर ते या जागांवर थांबलेले होते.

त्यांनी फिरोजला फोन केला. फिरोजने विचार केला आणि म्हणाला, की बरोबर आहे काका, सारमध्ये नवं तेवढंच ठेवतात. तोच आवाज पुन्हा पुन्हा आला तर पहिला ठेवून बाकीचे फेकतात. काकूंचे क-क-क त्याला एकच क दिसला. पण वेळ फेकत नाहीत. म्हणून तेवढी जागा रिकामी राहिली. पूरकने जगातली माणसं ऐकलेली, बहुतेक माणसं अडखळत नाहीत, त्याला वाटलं इथे काहीतरी हरवलं आहे. ते त्याने भरलं, मिटलेले डोळेसुद्धा चूक समजून पुसले. भालचंद्रांनी विचारल्यावर त्याने आणखी एक गोष्ट ठामपणे सांगितली. बोललेला नवा शब्द सार कधीही टाकत नाही. सारमध्ये जो शब्द नाही, तो कोणी बोललेलाच नसतो.

फोन ठेवल्यावर भालचंद्रांना 'शाल्मलीसाठी' आठवला; तो वर्षभर कोणी उघडलाच नव्हता, म्हणजे तिने दिवाळीत फोनवर पाहिला तेव्हाच त्याचं सार झालेलं असणार. मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या नावाचा व्हिडिओ उघडला.

कुमुद उशीला टेकून बसली होती. केस गेलेले, डोक्याला रुमाल. "शाल्मली," ती म्हणाली, सहज, न अडता. "मी तुझ्यावर." मग एक क आला. चित्र थांबलं. मान उजवीकडे, डोळे मिटलेले. भालचंद्र थांबले. इतका वेळ ती कधी अडलेली त्यांना आठवत नव्हती. अंगात त्राण नव्हतं तिच्या. बोल गो, बोल, असं ते मनात म्हणत राहिले. मग चित्र हललं. कुमुदने डोळे उघडले, ती थकून हसली, हात पुढे आला, आणि व्हिडिओ संपला.

कधीच रागावले नव्हते, हे त्यात नव्हतं. फक्त एक क होता. तो 'कधीच'चा असेल. 'कायम'चा असेल. 'का'चा असेल. चाळीस वर्षं तिच्याबरोबर काढूनही भालचंद्रांना तो ओळखता येईना.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी शाल्मली आली. भालचंद्रांनी सांगून टाकलं, की नर्सरीचे व्हिडिओ कायम करायचे नाहीत आणि हॉलमध्ये नुसतं सार लावायचं. ती भडकली. तिचं बोलणं खोटं नव्हतं. लोक हसतील. प्रोजेक्टर बिघडला म्हणतील. आणि आईला काय हवं होतं हे तुम्ही कोण ठरवणार, असं तिने विचारलं. ती शेडमध्ये एकटी सराव करायची, तिला असंच बोलायचं होतं, जन्मभर तेवढंच हवं होतं, आता मिळतंय तर तुम्ही काढून घेताय. भालचंद्रांनी फक्त व्हिडिओ लावला आणि म्हणाले, एकदा डोळे मिटून ऐक.

तिने चिडूनच डोळे मिटले. पहिल्या दोन थांब्यांना ती गप्प होती. तिसऱ्या थांब्याला तिचे ओठ हलले. चौथ्याला ती हळूच म्हणाली, ही अडखळ प ची आहे. आणि पट्टी आली. शाल्मलीने डोळे उघडले नाहीत. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती एकेका थांब्याला अक्षर सांगत होती, आणि एकही चुकत नव्हतं. आईचा शब्द पुढे करायला ती इतकी वर्षं जिथे जिथे टपलेली असायची, त्या सगळ्या जागा तिला पाठ होत्या. कलमाला पट्टी बांधून कुमुद उठली तेव्हा शाल्मली म्हणाली, बरं, हाच लावू.

भालचंद्रांना हायसं वाटलं. ते उठून चहाला आधण ठेवणार होते, तेवढ्यात ती बोलली. आवाज अगदी खाली गेला होता.

"बाबा, माझा व्हिडिओ. तो तुम्ही या मशीनवर पाहिलात?"

त्यांनी मान हलवली.

"त्यातही ती तेच म्हणते ना?"

भालचंद्रांनी तोंड उघडलं आणि त्यांना शब्द सापडेना. त्यांच्यासमोर ते मिटलेले डोळे होते, ती थकलेली मान होती, लग्नानंतर तिने घातलेली अट होती. समोर पोरगी होती, आठवीतली आणि आताची, आणि तिची झोप होती. खरं सांगितलं तर हिच्या हातात एक क उरणार होता, आणि तो घेऊन ती जन्मभर बसणार होती. शाल्मली त्यांच्याकडे बघत होती. नेहमीची ती असती तर एव्हाना तिने त्यांचं वाक्य पुरं केलं असतं. आज तिने केलं नाही. ती थांबली, हातांची घडी घालून, कितीही वेळ लागला तरी चालेल अशी, तिच्या बापासारखी थांबली.

"हो," भालचंद्र म्हणाले. "तेच म्हणते. कधीच रागावले नव्हते, म्हणते. थोडी अडते, पण म्हणते."

शाल्मलीने श्वास सोडला. मग म्हणाली, नर्सरीचे राहू देत तुम्हाला हवे तसे, पण हा एक कायम करा, माझ्या फोनवर आहे तसा. हा माझा आहे.

ती चहा करायला आत गेली. भालचंद्र मशीनपुढे बसले. पडद्यावर विचारणा आली, मूळ सार पुसलं जाईल, परत मिळणार नाही, खात्री आहे का. कुमुदचं ते शेवटचं हसू, तो क, आणि त्याच्या पुढची ती लांब रिकामी जागा, जिच्यात ती खरोखर होती, सगळं त्या एका बटणाखाली होतं. आतून भांड्यांचा आवाज येत होता. त्यांनी मनात कुमुदची माफी मागितली आणि बटण दाबलं. मग उठले आणि साखर कुठे आहे ते सांगायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी हॉल भरला होता. मोहोराचे दिवस, दारं उघडी ठेवलेली, बाहेरून वास येत होता. दिवे मंद झाले आणि पडद्यावर कुमुद आली. "नमस्कार, मी," ती म्हणाली आणि चित्र थांबलं. लोक चुळबुळले. मागे कोणीतरी हसलं. संस्थेचे सेक्रेटरी लगबगीने उठून प्रोजेक्टरची केबल चाचपायला लागले. बाजूला उभ्या असलेल्या शाल्मलीच्या हातात माइक होता.

"थांबा," ती म्हणाली. "आई बोलतेय."

सेक्रेटरी केबल सोडून उभे राहिले. हॉल गप्प झाला. एवढी सगळी माणसं मिटलेल्या डोळ्यांच्या त्या बाईकडे बघत थांबून राहिली, आणि कोणीही शब्द पुढे केला नाही. मग नाव आलं, आणि टाळ्या पडल्या. शाल्मलीने पहिल्या रांगेत बसलेल्या बापाकडे पाहिलं, तिचा चेहरा उजळला होता.

भालचंद्रांना वर बघवेना. ते आपल्या हातांकडे बघत बसले. कुमुदचा आता एकच व्हिडिओ असा होता ज्यात ती कायमची कुठेच अडणार नव्हती, आणि तो शब्द तिच्या तोंडात त्यांनी घातला होता.